बाणचं वजन

काटेसाहेबांचा कोणावरच विश्वास नव्हता, आणि त्यात वैयक्तिक असं काही नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी वजनमापांचे निरीक्षक म्हणून दुकानोदुकानी काटे तपासले होते. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा, खालून ठोकून तळ वर उचललेलं लिटरचं माप, काट्यावर सहज टेकलेला मासेवालीचा अंगठा, सगळं पाहून झालं होतं. 'काटेसाहेब' हे नावही दुकानदारांनीच ठेवलेलं. ते गल्लीत शिरले की एक दुकानदार दुसऱ्याला या नावाने सावध करायचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी नजर काही निवृत्त झाली नव्हती. पाववाल्याने हसून "कसं काय साहेब?" विचारलं, तरी हा आज का हसला याचा तपास घरी पोचेपर्यंत चालायचा. लग्न त्यांनी केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे त्यांना ओळखणाऱ्या माणसाने कधी विचारलं नाही.

या जगात त्यांचा विश्वास होता तो फक्त एका कुत्र्यावर, आणि तो कुत्रा आता जागचा उठत नव्हता.

त्याचं नाव बाण. पिल्लू होता तेव्हा चेंडूमागे असा सुटायचा, की काटेसाहेबांच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, ते नाव ठेवलं. त्याला अकरा वर्षं झाली. आता बाण चारी बाजूंनी सारखाच गोल होता. सकाळी उठायचं म्हणजे त्याला मोठं काम पडायचं. आधी पुढचे पाय टेकायचे, मग थोडा विचार करायचा, मग मागचं धूड उचलायला जायचं आणि गुळगुळीत फरशीवर पाय फाकून पुन्हा खाली बसायचं. तिसऱ्या खेपेला जमायचं. उठला की मान वळवून मागे बघायचा, कोणी मागून धरून ठेवलं होतं की काय याची खात्री करायला. तेवढी सवय मालकाची लागली होती.

घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या छत्तीस. एके दिवशी सतराव्या पायरीवर बाण बसला तो बसलाच. काटेसाहेबांनी त्याला उचलून खाली नेलं आणि भाचीच्या गाडीत घालून दवाखाना गाठला. भाची म्हणजे अक्काची मुलगी. अक्का नवऱ्याच्या मागे भावाकडे राहायला आल्यापासून ती दर आठवड्याला चक्कर मारायची.

प्राण्यांच्या डॉक्टर तरुण होत्या, भाचीच्या ओळखीतल्या. त्यांनी बाणला जमिनीतल्या मोठ्या काट्यावर उभं केलं, मागचे पाय एकेक करून वाकवून पाहिले, कंबरेवर अंगठे दाबले. बाणने एकदाच कुंई केलं.

"सांधे झिजलेत," त्या म्हणाल्या. "ते मला भरून देता येणार नाहीत. त्यांच्यावरचं ओझं मात्र कमी करता येईल. आज हा बावीस किलो आहे. आठ आठवड्यांत एकोणीसवर आणा."

"आणि नाही आला तर?"

"तर या पायऱ्या त्याला झेपायच्या नाहीत, काका. दुखण्याच्या गोळ्याही कायम देता येत नाहीत, मूत्रपिंडांवर ताण पडतो. मग तळमजल्यावरचं घर बघावं लागेल त्याच्यासाठी."

"आमच्याकडे अंगण आहे, मामा," भाची लगेच म्हणाली. "एकसुद्धा पायरी नाही."

काटेसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. इतकं तयार उत्तर खिशात घेऊन फिरणारा माणूस त्यांनी आजवर निर्दोष पाहिला नव्हता. बाणच्या गळ्यातल्या पट्ट्याचा त्यांनी हाताला एक वेढा जास्त घेतला.

त्या दिवसापासून घरात बाणचं राज्य सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलेली एकेक गोष्ट काटेसाहेबांनी सरकारी हुकमासारखी पाळली. पाय घसरू नयेत म्हणून बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत जुन्या सतरंज्या आणि पायपुसण्यांचा रस्ता झाला. रोज सकाळी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दहा मिनिटं त्याच्या कंबरेवर, मग हलक्या हाताने मालीश. नखं कापली. मान खाली घालावी लागू नये म्हणून त्याचं भांडं पाटावर चढवलं. एका लांब फेरीऐवजी तीन छोट्या फेऱ्या, आणि पायऱ्यांवर जाता-येता काटेसाहेबांच्या कडेवर. खाणं दोन वेळा, प्रत्येक वेळी एकशेदहा ग्रॅम, लहान काट्यावर मोजून.

आणि जेवताना कोणी एक घासही द्यायचा नाही.

हा शेवटचा नियम अवघड निघाला, आणि तो काटेसाहेबांनाच अवघड निघाला. अकरा वर्षं त्यांचा जेवणाचा एक ठरलेला ठेका होता. दोन घास स्वतःला, तिसरा टेबलाखाली. बाण डाव्या पायाशी बसायचा आणि तिसऱ्या घासाला बरोबर तोंड वर करायचा. आता तो आपले एकशेदहा ग्रॅम अर्ध्या मिनिटात संपवून त्याच जागी येऊन बसे, हनुवटी काटेसाहेबांच्या पावलावर टेकवी आणि वर बघे. त्या बघण्यात तक्रार असती तरी चाललं असतं. पण तो नुसता वाट बघायचा. आपला मालक चुकून विसरलाय, आता आठवेल त्याला, असं बघायचा. काटेसाहेबांच्या घशाखाली घास उतरेनासा झाला. ते अर्ध्या ताटावरून उठायचे.

"भूक नाही," ते म्हणायचे.

अक्का ताट उचलायची आणि मागच्या गॅलरीत भांडी घासायला जायची.

दर रविवारी सकाळी वजन व्हायचं. काटेसाहेबांच्या घरी माणसं उभी राहतात तसला काटा होता, त्यांनी स्वतः तपासलेला. पहिल्या रविवारी ते एकटे उभे राहिले. एकाहत्तर भरले. मग बाणला छातीशी धरून उभे राहिले. त्र्याण्णव. एकाहत्तर वजा, राहिले बावीस. दवाखान्यातल्या आकड्याशी ग्रॅमभराची तफावत नाही. त्यानंतर रविवारी फक्त दोघांचं मिळून वजन. कुत्रा छातीशी असला की खालचा आकडा दिसत नाही, म्हणून तो अक्काने वाचायचा. काटेसाहेब तिला दोनदा वाचायला लावायचे, आणि दुसऱ्यांदा वाचताना तिच्या तोंडाकडे बघायचे.

आकडा उतरत गेला. त्र्याण्णवाचे साडेब्याण्णव, मग ब्याण्णव, मग एक्क्याण्णव. बाणही थोडा सुधारल्यासारखा दिसू लागला. सतरंजीवर पाय रोवून दुसऱ्या खेपेला उठायचा. शेजारणीला पाहून एकदा तर त्याने चार पावलं चक्क धाव घेतली.

एक गोष्ट तेवढी कळत नव्हती. कुत्रा हलका होत होता आणि काटेसाहेबांना तो जिन्यात जड होत होता. पूर्वी एका दमात छत्तीस पायऱ्या चढायचे, आता बाराव्या पायरीवर कठड्याला टेकावं लागे. पायऱ्यांची उंची कमीजास्त असणार, बांधणाऱ्याने फसवलं असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सत्तावीस वर्षं त्याच पायऱ्या चढत होते हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्याच सुमारास लाँड्रीवाल्याशी त्यांचं वाजलं.

"कंबर सैल केलीस तू माझ्या पँटची," ते म्हणाले. "तिन्हीच्या तिन्ही."

"साहेब, मी इस्त्री करतो. इस्त्रीने कापड वाढत नाही."

"मग माझ्या पँटी दुसऱ्या कोणाला घालायला देतोस."

लाँड्रीवाल्याने कपाळावर हात मारला. घरी येऊन काटेसाहेबांनी पट्ट्याला टोच्याने नवं भोक पाडलं.

"अरे, वाळलायस किती," अक्का म्हणाली. "आरशात बघ जरा."

"बाणचं बोल. विषय बदलू नकोस."

आठव्या रविवारी अक्काने आकडा वाचला, साडेएकोणनव्वद. म्हणजे बाण साडेअठरा! मागितलं होतं त्यापेक्षा अर्धा किलो अधिकच उतरवला होता त्यांनी. काटेसाहेब बाणला घेऊन तिथेच गोल फिरले आणि धापा टाकत खाली बसले. हा कुत्रा आता कुठेही जात नव्हता. भाचीने आपल्या अंगणात खुशाल टोमॅटो लावावेत.

सोमवारी ते छाती पुढे काढून दवाखान्यात गेले. बाण काट्यावर चढला. डॉक्टरांनी आकडा पाहिला, त्याला उतरवून पुन्हा चढवला आणि पुन्हा पाहिला.

"साडेबावीस," त्या म्हणाल्या. "वाढलाय, काका. अर्धा किलो."

काटेसाहेबांना कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. "शक्य नाही. काल साडेअठरा होता."

"हा काटा साडेबावीस सांगतोय."

"काटा काहीही सांगेल हो," काटेसाहेब हळूच म्हणाले. "काट्यांना मी ओळखतो."

डॉक्टरांना त्यातली खोच कळली नाही, किंवा कळूनही त्यांनी सोडून दिली. त्या म्हणाल्या, आपण भाचीबाईंशी बोलून ठेवायला हवं. बस्स. काटेसाहेबांच्या डोक्यात सगळे धागे एकदम जुळले. अंगण भाचीचं. डॉक्टर भाचीच्या ओळखीतल्या. आणि घरातली बातमी बाहेर पुरवायला अक्का आहेच. ती हल्ली फोनवर हळू बोलायची आणि हे खोलीत आले की गप्प व्हायची. एक काटा खोटा होता, आणि तो कोणाचा हे उघड होतं.

पण नुसता संशय घेऊन कारवाई करता येत नाही, पुरावा लागतो. दुपारी त्यांनी बाणच्या खाण्याच्या डब्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सही केली. बिस्किटं मोजली. अक्का दारात उभी राहून बघत होती.

"माझ्यावर संशय आहे का तुझा?"

"सगळ्यांवर आहे. तू त्या सगळ्यांत येतेस."

अक्काने पदराने हात पुसले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. हे काटेसाहेबांनी मनात टिपून ठेवलं. तोंड उघडून मिटणारा दुकानदार म्हणजे काउंटरखाली दुसरं माप, हा त्यांचा अनुभव होता.

निवृत्तीच्या वेळी कचेरीतल्या लोकांनी त्यांना लोखंडी वजनांची एक जोडी भेट दिली होती. प्रत्येकी पाच किलो, तपासून शिक्का मारलेली. मंगळवारी सकाळी ती दोन्ही त्यांनी चाकांच्या भाजीच्या पिशवीत घातली. बाण एका हाताला, पिशवी दुसऱ्या हाताला, अशी वरात दवाखान्यात पोचली. बाकावर एक बाई मांजराची टोपली घेऊन बसली होती. तिने टोपली मांडीवर घेतली.

"डॉक्टर, तुमचा काटा तपासायचाय."

डॉक्टरांना राग आला असेल तर तो दिसला नाही. "तपासा," त्या म्हणाल्या.

काटेसाहेबांनी गुडघे टेकले. काट्याखाली हात घालून मेण, चिकटपट्टी, खडा काही आहे का पाहिलं. काही नव्हतं. एक वजन मधोमध ठेवलं, पाच. दोन्ही ठेवली, दहा. मग चारी कोपऱ्यांवर एकेक करून ठेवलं, कारण लबाड काटा मध्यात खरं बोलतो आणि कोपऱ्यात पकडला जातो. पाच, पाच, पाच, पाच. सहा वर्षांत इतका सच्चा काटा त्यांनी पाहिला नव्हता. एरवी अशा काट्यावर त्यांनी प्रेमाने शिक्का मारला असता.

"झालं समाधान?"

"घरचा काटाही आज सकाळीच याच वजनांनी तपासलाय," काटेसाहेब जमिनीवरूनच म्हणाले. "तोही खरा आहे. दोन्ही खरे आहेत. मग माझा चार किलो कुत्रा गेला कुठे?"

डॉक्टर त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. "घरी कसं करता वजन?"

"याला उचलून उभा राहतो. माझे एकाहत्तर वजा करतो."

"एकाहत्तर कधीचे?"

"पहिल्या रविवारचे."

"आणि नंतर?"

डॉक्टरांनी लोखंडी वजनं दोन हातांनी बाजूला सरकवली आणि काट्याच्या रिकाम्या पत्र्याकडे बोट केलं. "उभे राहा, काका."

ते उभे राहिले. आकडा थोडा हलला आणि थांबला. सदुसष्ट.

तेलाच्या दुकानात, रॉकेलच्या दुकानात, चौतीस वर्षं ते एकच वाक्य बोलत आले होते. 'आधी रिकामं भांडं ठेवा.' भांडं दर वेळी नव्याने तोला, कालच्या वजनावर विसंबू नका, लबाडी नेहमी भांड्यात असते. या एका वाक्यापायी त्यांनी माणसांना कोर्टात उभं केलं होतं. आणि आठ आठवडे त्यांनी कुत्रा तोलला, पण भांडं तोललं नाही. ते भांडं आपण आहोत हे त्यांच्या मनातच आलं नाही. पँट वर ओढायला हात कंबरेकडे गेला आणि तिथेच राहिला. लाँड्रीवाल्याची माफी मागायला हवी होती.

"खाता ना नीट?" डॉक्टरांनी विचारलं.

"हा बघत असतो," काटेसाहेब म्हणाले.

डॉक्टरांनी बाणच्या कानामागे खाजवलं. "आणखी आठ आठवडे देते. दोघांना. त्याचं खाणं कमी, तुमचं पूर्ण. आणि या आठवड्यात माणसांच्या डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून घ्या. दुसरं काही नाही ना, एवढं बघायला. तुमच्यात ताकद राहिली नाही, तर त्या पायऱ्यांवर याला उचलणार कोण?"

हा प्रश्न काटेसाहेबांना घरापर्यंत पुरला. जिन्यात ते बाणला घेऊन तीनदा थांबले, आणि तिन्ही वेळा पायऱ्यांना काही बोलले नाहीत. बाण मात्र वाढला कसा, हे कोडं बाकीच होतं. डब्यावरची पट्टी शाबूत होती.

"सदुसष्ट," दारातच ते अक्काला म्हणाले. "उतरलो तो मी. हा नाही. हा अर्धा किलो वर चढलाय."

अक्का मटकन खुर्चीत बसली. तिने पदर तोंडाला लावला.

"मीच दिलं रे त्याला."

"कधी?"

"तू ताट टाकून उठायचास ना. रोज अर्धं ताट. बोलले की अंगावर यायचास. माझ्याच्याने अन्न टाकवेना, आणि हा गॅलरीत येऊन बसायचा. आणि काटा तर उतरतच होता! दर रविवारी मीच वाचत होते. म्हटलं, एवढं देऊनही उतरतोय, तर काय बिघडलं? काल सांगणार होते, पण तू सह्या करत बसला होतास डब्यावर." तिने डोळे पुसले. "हे फोनवरही सांगत होते पोरीला. मामा वाळत चाललाय म्हणून. ती म्हणते, अंगण तुम्हा तिघांनाही पुरेल."

काटेसाहेब ओरडणार असं तिला वाटलं असावं. पण त्यांना राग येत नव्हता. त्यांच्या वाटचे घास रोज बाणच्याच तोंडी जात होते, फक्त टेबलाऐवजी गॅलरीतून. कुत्र्याला वाचवायला ते उपाशी उठत होते आणि त्या उठण्यानेच कुत्रा जाड होत होता. असा गुन्हा त्यांच्या उभ्या नोकरीत त्यांना सापडला नव्हता, आणि यात आरोपी शोधायला लांब जायची गरज नव्हती.

"वाढ," ते म्हणाले. "पूर्ण ताट वाढ."

अक्काने भाजी, पाव, दोन उकडलेली अंडी वाढली. बाण आपलं मोजकं खाऊन सतरंजीवरून आला, ठरल्या जागी बसला आणि पावलावर हनुवटी टेकवली. काटेसाहेबांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला हात आपोआप खाली निघाला, अर्ध्यावर थांबला आणि परत वर आला. बाणचं तोंड त्या हाताबरोबर खाली गेलं आणि वर आलं. काटेसाहेबांचे डोळे भरून आले, तरी ते चावत राहिले. शिक्षा भोगावी तसं त्यांनी ते जेवण केलं, आणि ताट इतकं स्वच्छ केलं की घासायची गरज उरली नाही.

"झालं," ते म्हणाले.

अक्काने ताट उचलून पाहिलं. ताटाखाली पाहिलं. मग वाकून टेबलाखाली पाहिलं. तिथे बाणशिवाय काही नव्हतं. ती सरळ झाली आणि भावासमोर उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर ती नजर होती, जी आजवर फक्त काटेसाहेबांच्या चेहऱ्यावर असायची.

"खिसे दाखव."

"अक्का!"

"दाखव म्हणते ना."

काटेसाहेबांनी डावा खिसा बाहेर ओढला. रिकामा. उजवा ओढला. अंड्याची पांढरी फोड लागलेला पावाचा एक तुकडा टेबलावर पडला. तो कधी ठेवला, त्यांना खरंच आठवत नव्हतं. चौतीस वर्षांत पकडलेला प्रत्येक दुकानदार हेच म्हणाला होता, आणि त्यांनी एकाचंही मानलं नव्हतं.

टेबलाखालून शेपटी दोनदा फरशीवर आपटली. बाणने पुढचे पाय टेकले, जोर केला आणि पहिल्याच खेपेत उठून उभा राहिला.

काटेसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग तो तुकडा उचलला, त्याला चिकटलेला खिशातला दोरा काढला, आणि दोघांच्या देखत खाऊन टाकला.